नसलेल्या चुका

अण्णांच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात एक पान सापडलं. एका छोट्या मासिकाचं प्रूफ, एका बाजूला छापलेलं, कडा पिवळ्या पडलेल्या. त्यावर लाल बॉलपेनच्या चौदा खुणा. अण्णांच्या हातचं प्रूफ मला लहानपणापासून लांबूनही ओळखू येतं. समासात सरळ रेघ, रेघेच्या टोकाला अक्षर, काढून टाकायचं असेल तिथे ती वेटोळी खूण. सगळं इतकं नेटकं की मजकूर सोडून समासच वाचत बसावं. या पानावरच्या खुणाही तशाच होत्या, हात कुठे थरथरलेला नव्हता. अडचण एवढीच की ज्या शब्दांवर त्या होत्या ते शब्द बरोबर होते.

‘आणि’मधल्या ‘णि’ला त्यांनी दीर्घ वेलांटी दिली होती. ‘आणि’ आणि ‘नि’ हे दोन अपवाद, बाकी शेवटचं अक्षर दीर्घ, हे ज्या माणसाने जन्मभर दिसेल त्याला बजावलं, त्याच माणसाने. खाली एका ओळीत ‘स्थिती’ची ‘स्थिति’ केली होती, ती खोडून परत ‘स्थिती’ आणि शेजारी बारीकसं प्रश्नचिन्ह. एका स्वल्पविरामाला गोल केला होता, गोलातून बाण काढला होता, आणि तो बाण समासापर्यंत येऊन तिथेच थांबला होता. काय करायचं ते लिहिलेलं नव्हतं.

हे पान निदानाच्या जवळपास दोन वर्षं आधीचं. तेव्हा त्यांना विसराळू कुणीच म्हणत नव्हतं. काटेकोर म्हणत होतो. वयानुसार माणूस जास्त किरकिरा होतो, तसे झालेत, असं आई म्हणायची. मीही अक्षरांच्याच धंद्यातली, त्यामुळे मला तर त्याचं थोडं कौतुकच होतं. या वयातही नजर किती तल्लख, एक शब्द सोडत नाहीत!

पुढे डॉक्टरांनी अल्झायमर हा शब्द उच्चारला तेव्हा डोळ्यांपुढे आलं ते सगळ्यांच्या येतं तेच चित्र. एकेक खोलीतला दिवा विझत चाललेलं घर. हळूहळू अंधार, हळूहळू शांतता. कितीतरी दिवस मी याच चित्राच्या आधाराने सगळं समजून घेत होते. पण अण्णांची ती पहिली दोन-तीन वर्षं त्यात कुठेच बसत नव्हती. त्या वर्षांत घरात अंधार नव्हता, उलट सगळे दिवे एकदम लावल्यासारखं झालं होतं. रात्री उठून कपाटं तपासणं, एकच कागद चारदा घडी करून चारदा उघडणं, दाराची कडी लागली आहे की नाही यावर तास तास वाद. विसरणं नंतर आलं.

मी वैज्ञानिक नाही, वाचणारी आहे. ज्या रोगाने घरातला माणूस नेला त्या रोगाबद्दल वाचत बसायची सवय चांगली की वाईट, मला ठरवता आलेलं नाही. पण त्या वाचनात एक गोष्ट हाती लागली, तिने ते चौदा खुणांचं पान मला नव्याने वाचायला लावलं. तीच सांगते.

सुरुवात जुनीच आहे. १९०१च्या नोव्हेंबरात फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची बाई दाखल झाली. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर. तिचं नाव विचारलं तर सांगायची, नवऱ्याचं नाव विचारलं तरी स्वतःचंच सांगायची. ‘मी स्वतःला हरवून बसले आहे’ हे तिचं वाक्य बहुतेक लेखांत येतं, आणि ते आहेच तसं. पण अल्झायमरनी लिहिलेला वृत्तांत वाचला तर पहिलं लक्षण म्हणून तिथे विसरणं येत नाही, नवऱ्याबद्दलचा संशय येतो. मग अस्वस्थता. अंथरूण-पांघरूण ओढत इकडून तिकडे नेणं, आरडाओरडा, नवऱ्याला आणि मुलीला हाका, बहुधा कानात आवाज. या आजाराची नोंदलेली पहिली रोगी गप्प होत गेलेली बाई नव्हती, निदान आधी तरी नव्हती. हे सव्वाशे वर्षं कागदावर आहे.

१९०६मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्यूनिकला गेले होते, तिचा मेंदू तिकडे पाठवण्यात आला. चांदीच्या क्षारांनी पेशी रंगवायची पद्धत तेव्हा नवीच होती. ती वापरून त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली दोन गोष्टी पाहिल्या. पेशींच्या बाहेर कसल्यातरी पदार्थाचे साचलेले ठिपके, आणि पेशींच्या आत पिळलेल्या धाग्यांचे गुंते. त्या वर्षी नोव्हेंबरात ट्यूबिंगेनच्या एका सभेत त्यांनी हे मांडलं. सभेने फारसं मनावर घेतलं नाही.

ठिपक्यांत काय आहे ते कळायला १९८४-८५ उजाडलं. ग्लेनर आणि वाँग या दोघांनी आधी रोग्यांच्या मेंदूवरच्या रक्तवाहिन्यांत साचलेलं प्रथिन वेगळं काढलं, आणि पुढच्या वर्षी ठिपक्यांतही तेच सापडलं, तेच बीटा-अमायलॉइड. चेतापेशीच्या पडद्यात एक मोठं प्रथिन आरपार बसलेलं असतं. दोन कात्र्या, म्हणजे दोन विकरं, ते कापतात, आणि मधला चाळीस-बेचाळीस दुव्यांचा तुकडा मोकळा सुटतो. बेचाळीसवाला जास्त चिकट. हे कापणं निरोगी मेंदूतही रात्रंदिवस चालूच असतं, तुमच्या-माझ्याही. गुंत्यांमधलं प्रथिन वेगळं, त्याचं नाव टाऊ. चेतापेशीच्या लांब शेपटातून माल इकडून तिकडे नेणाऱ्या ज्या सूक्ष्मनलिका असतात त्यांना धरून ठेवणं हे त्याचं नेहमीचं काम. आजारात ते त्यांच्यावरून सुटतं, एकमेकांना चिकटतं आणि त्याचे पीळ होतात.

इथवरची गोष्ट कुठेही वाचायला मिळते, आणि ती वाचून मनात जे चित्र उरतं ते कचऱ्याचं. गटार तुंबलं, पाणी थांबलं. पण हे चित्र आलं कुठून? मेलेल्या मेंदूतून. रंगवलेल्या कापातून. छापून झालेल्या पुस्तकावरून छापखान्यात त्या दिवशी किती आरडाओरड चालली होती हे जसं कळत नाही, तसं कापावरून जिवंत पेशी काय करत होत्या ते कळत नाही. ठिपक्याशेजारची पेशी दिसते, ती गप्प होती की किंचाळत होती हे दिसत नाही.

ते पाहण्याची सोय फार उशिरा झाली. चेतापेशी पेटते तेव्हा तिच्यात कॅल्शियम घुसतं. कॅल्शियम भेटल्यावर चमकणारं रंगद्रव्य पेशीत भरून ठेवलं, उंदराच्या कवटीला इवलीशी खिडकी केली आणि वरून दोन-फोटॉन सूक्ष्मदर्शक रोखला, की जिवंत मेंदूतल्या शेकडो पेशी एकाच वेळी लुकलुकताना दिसतात. २००८मध्ये मार्क आउरेल बुशे, आर्थर कोनेर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमायलॉइड साचणाऱ्या उंदरांत हे करून पाहिलं. म्यूनिकमध्येच. ज्या शहरात ऑगस्टेच्या मेंदूचे काप रंगवले गेले तिथेच शंभर वर्षांनी कुणीतरी जिवंत मेंदूत डोकावलं, हा योगायोग मला आवडतो, त्याला फार अर्थ नसला तरी.

त्यांना वाटलं होतं तसं काही पेशी मंदावलेल्या सापडल्या, एकोणतीस टक्के. पण एकवीस टक्के पेशी नेहमीपेक्षा कितीतरी जास्त पेटत होत्या. आणि या अतिउत्साही पेशी कुठेही विखुरलेल्या नव्हत्या, अमायलॉइडच्या ठिपक्यांच्या अगदी आसपास दाटीने होत्या. कारण शोधलं तेव्हा असं दिसलं की त्यांना कुणी जास्त चेतवत नव्हतं, त्यांना आवरणारा हात सैल झाला होता.

इथे मला थांबावं लागतं, कारण इथे अण्णा येतात.

मी पहिल्यांदा त्यांच्या हाताखाली प्रूफ वाचलं तेव्हा सोळा-सतरा वर्षांची होते. पहिलंच पान लालभडक करून अभिमानाने पुढे ठेवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पान वाचलं, आणि माझ्या निम्म्या खुणा खोडल्या. “अगं, चूक दिसायला हवी हे सगळेच सांगतात,” ते म्हणाले. “बरोबर आहे ते सोडून देता आलं पाहिजे, हे कुणी शिकवत नाही. अवघड ते आहे.”

मेंदूचं नेमकं हेच आहे. एक पेशी दुसरीला चेतवते हे आपल्याला ठाऊक असतं, पण मेंदूतल्या कितीतरी पेशींचं काम दुसरीला ‘आता नको’ म्हणण्याचं असतं. एकाच वेळी हजारोंना आवरणाऱ्या, सगळ्यांचा ठेका सांभाळणाऱ्या. त्यांच्यातल्या एका महत्त्वाच्या जातीच्या पेशींत सोडियम आत घेणारी दारं कमी पडतात, त्या लंगड्या होतात, आणि मग पूर्ण जाळ्याचा ठेका चुकतो, हे २०१२मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका प्रयोगशाळेने उंदरांत दाखवलं. त्याच वर्षी म्यूनिकच्या गटाने आणखी एक गोष्ट पुढे आणली. हिप्पोकॅम्पस, म्हणजे नवी आठवण जिथे बांधली जाते तो भाग, तिथे ठिपके पडण्याच्याही आधी पेशी जास्त पेटू लागतात. अमायलॉइड अजून साचलेलं नसतं, नुसतं विरघळलेल्या रूपात पेशींमधल्या पाण्यात फिरत असतं, तेव्हाच. चांगल्या निरोगी उंदराच्या हिप्पोकॅम्पसवर ते विरघळलेलं अमायलॉइड सोडलं तरी पेशी पेटतात. आणि कात्री बंद करणारं औषध दिलं की शांत होतात. ठिपका म्हणजे राख होती, आग त्याआधीची.

मग हे अमायलॉइड नक्की करतं काय? २०१९मध्ये त्याच गटाने याचं एक सुरेख आणि भयंकर उत्तर दिलं. एक पेशी दुसरीला निरोप देते तो बहुतेकदा ग्लुटामेट नावाच्या रेणूने. दोन पेशींमधल्या फटीत ग्लुटामेट सुटतं, पलीकडची पेशी पेटते, आणि काही हजारांश सेकंदांत शेजारच्या आधारपेशी ते ग्लुटामेट उचलून फट साफ करतात. अमायलॉइड ही उचलण्याची क्रिया अडवतं. निरोप देऊन झाला तरी फटीत घुटमळत राहतो, पलीकडची पेशी पुन्हा पेटते. घंटा वाजवून हात काढून घेतला तरी घंटा वाजत राहावी तसं.

यातली मेख अशी की अमायलॉइड गप्प बसलेल्या पेशीला उठवत नाही. जी आधीच काम करते आहे, जिच्या फटीत थोडंतरी ग्लुटामेट आहे, तिलाच ते चिथावतं. आणि दुसरीकडे, २००५मध्येच हे दिसून आलेलं होतं की चेतासंधी, म्हणजे फटीसकट दोन पेशींमधला तो जोड, जितकी जास्त वापरात, तितकं तिच्याभोवती अमायलॉइड जास्त सुटतं. दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून बघा. पेशी पेटते म्हणून अमायलॉइड वाढतं, अमायलॉइड वाढतं म्हणून पेशी आणखी पेटते. सावकाराचं व्याज असंच चढतं.

जास्त पेटलं तर बिघडलं कुठे, असंही कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. मेंदू जास्त काम करतोय, करू दे की. याचं जे उत्तर मला सापडलं त्याने मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. डोळ्यांकडून आलेली माहिती मेंदूच्या ज्या भागात उलगडते तिथे प्रत्येक पेशीची एक आवड असते. एकीला उभी रेघ दिसली की ती पेटते, आडवीला ढुंकून बघत नाही. दुसरीला तिरकी लागते. हा चोखंदळपणा आहे म्हणून आपल्याला आकार दिसतात. २०१२च्याच एका अभ्यासात अमायलॉइड साचलेल्या उंदरांना वेगवेगळ्या कोनांतल्या रेघा दाखवल्या. ज्या पेशी अतिउत्साही झाल्या होत्या त्यांची आवड पुसट झाली होती. उभी रेघ, आडवी रेघ, तिरकी रेघ, सगळ्यालाच त्या हो म्हणत होत्या.

ऱ्हस्व वेलांटी, दीर्घ वेलांटी. सगळ्यालाच लाल खूण.

आता मला इथे स्वतःलाच एक लाल खूण केली पाहिजे. उंदराच्या मेंदूतली एक पेशी आणि अण्णांच्या हातातलं पेन यांच्यामध्ये प्रचंड अंतर आहे. ते पान त्या पेशींमुळे तसं झालं असं म्हणायला माझ्याकडे पुरावा नाही, कुणाकडेच नसतो. शिवाय प्रयोगातले हे उंदीर माणसाची बिघडलेली जनुकं घालून मुद्दाम घडवलेले असतात. वयाबरोबर आपोआप येणारा माणसाचा आजार त्यांच्यात जसाच्या तसा उतरत नाही. उंदरांना बरी करणारी किती औषधं माणसांत आपटली याची यादी लांबलचक आहे. साम्य मी लावते आहे. फक्त ते लागतं चपखल, हे मी नाकारत नाही.

आणि माणसांतही या गोंगाटाच्या खुणा सापडल्या आहेत. किंचित विसरभोळेपणा सुरू झालेल्या लोकांना काही आठवायला सांगून मेंदूची प्रतिमा घेतली, तेव्हा त्यांचा हिप्पोकॅम्पस निरोग्यांपेक्षा जास्त उजळलेला दिसला. बरीच वर्षं याचा अर्थ असा लावला गेला की बिचारा मेंदू कमतरता भरून काढायला दुप्पट कष्ट घेतोय. गोड अर्थ होता तो. मीही अण्णांच्या लाल खुणांचा तसाच अर्थ लावला होता ना. पण २०१२मध्ये एका गटाने अशाच लोकांना फेफऱ्यावरचं एक जुनं औषध, लेव्हेटिरासिटॅम, अगदी कमी मात्रेत दिलं. हिप्पोकॅम्पसमधली ती जादा हालचाल खाली आली, आणि आठवणीच्या चाचणीत ते लोक सुधारले. जादा उजेड कष्टाचा असता तर तो कमी केल्यावर माणूस आणखी मागे पडायला हवा होता.

फेफऱ्याचं औषध म्हटल्यावर पुढचा प्रश्न आलाच. २०१६मध्ये अल्झायमरच्या अशा रोग्यांची तपासणी झाली ज्यांना कधीही झटका आलेला नव्हता. रात्रभर मेंदूचा आलेख काढला. बेचाळीस टक्क्यांच्या मेंदूत फेफऱ्यासारख्या विजेच्या ठिणग्या सापडल्या. त्याच वयाच्या निरोगी लोकांत हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपास होतं. ज्यांच्यात ठिणग्या होत्या ते लोक पुढे जास्त वेगाने खालावले. पुढच्याच वर्षी दोन रोग्यांच्या कवटीच्या तळाशी असलेल्या नैसर्गिक भोकातून तार हिप्पोकॅम्पसच्या शेजारी नेऊन ठेवली, तर तिथे झोपेत झटके येत होते. डोक्याला वरून लावलेल्या तारांना त्यांचा पत्ताच नव्हता. बाहेरून माणूस शांत झोपलेला.

झोपेचं हे वाचल्यापासून अण्णांच्या रात्री मला वेगळ्या दिसू लागल्या. गाढ झोपेत मेंदूभर संथ लाटा जातात, लांबलांबच्या भागांतल्या पेशी एकत्र गप्प होतात आणि एकत्र जाग्या होतात. अमायलॉइडच्या उंदरांत या लाटा तुटक होतात, दूरचे भाग एकमेकांशी लय जुळवेनासे होतात. शिवाय जागेपणी पेशी जास्त कामात असल्याने अमायलॉइडचं प्रमाणही जागेपणीच जास्त असतं आणि झोपेत उतरतं. म्हणजे झोप मोडली की अमायलॉइड वाढणार, अमायलॉइड वाढलं की झोप मोडणार. पुन्हा सावकार. आम्ही त्या दिवसांत त्यांना रात्री रागवायचो. “झोपा ना अण्णा आता, किती वेळा उठाल?” ते पलंगाच्या कडेला बसून, पाय खाली सोडून, अंधारात काहीतरी ऐकत असल्यासारखे. एकदा म्हणाले, “फार गडबड आहे गं.” मला वाटलं, रस्त्यावरची.

टाऊचं अजून सांगितलंच नाही. आणि खरी शांतता त्याच्यामुळे येते.

अमायलॉइड मेंदूत लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून साचू लागतं, आणि ते भरपूर असूनही शेवटपर्यंत शाबूत राहिलेली माणसं पुष्कळ आहेत. टाऊचं तसं नाही. ते जिथे पोचतं तिथली कामं बंद पडू लागतात. १९९१मध्ये हाइको आणि एवा ब्राक या जर्मन पतिपत्नींनी मृतांच्या मेंदूंवरून टाऊच्या गुंत्यांचा नकाशा काढला. ते हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यावरच्या भागात सुरू होतात, मग हिप्पोकॅम्पस, मग बाहेर सगळीकडे. पुढे उंदरांत दिसलं की फक्त उंबरठ्यावरच्या पेशींत टाऊ बनवलं तरी ते पलीकडच्या जोडलेल्या पेशींत जाऊन पोचतं. चेतापेशी पेटते तेव्हा टाऊही बाहेर सुटतं, म्हणजे गोंगाटाच्या वाटांवरूनच शांतता पसरत जाते.

टाऊ आणि अमायलॉइड दोन्ही असलेल्या उंदरांच्या मेंदूत बुशे यांनी २०१९मध्ये पुन्हा ती लुकलुक पाहिली. एक प्रथिन पेशींना चेतवणारं, दुसरं झोपवणारं, तर बेरीज काय येईल? मला वाटलं होतं की थोडंफार फिटेल. नाही फिटत. टाऊ जिंकतं. पेशींमागून पेशी गप्प झालेल्या. त्यासाठी गुंते पडण्याचीही गरज नव्हती, विरघळलेलं टाऊच पुरेसं होतं. नुसतं टाऊ असलेल्या उंदरांत टाऊची निर्मिती थांबवली की पेशी लवकर पुन्हा बोलू लागल्या. पण सोबत अमायलॉइडही असेल तर तीच निर्मिती थांबवून फारसा उपयोग होत नव्हता. एकट्याने केलेलं नुकसान भरून येतं, दोघांनी मिळून केलेलं येत नाही.

गंमत अशी (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सापडत नाही) की त्याच्या बारा वर्षं आधी दुसऱ्याच एका गटाने अमायलॉइडवाल्या उंदरांत टाऊ कमी केलं होतं, आणि अमायलॉइड तेवढंच राहूनही उंदरांची स्मृती वाचली होती, झटक्यांपासूनही संरक्षण मिळालं होतं. म्हणजे गोंगाटालाही टाऊ लागतं आणि शांतताही तेच आणतं. हे दोन निष्कर्ष मी कितीदा शेजारी ठेवले तरी ते सांधा न दाखवता जुळत नाहीत. कोलंबियात एका मोठ्या कुटुंबात असं जनुक आहे की माणूस चाळिशीतच विसरू लागतो. त्या कुटुंबातली एक बाई सत्तरीपर्यंत ठीक राहिली. तपासलं तर मेंदू अमायलॉइडने गच्च भरलेला, पण टाऊ अगदी थोडं. २०१९मध्ये तिच्याबद्दल छापून आलं. तिच्यात आणखी एक दुर्मीळ जनुकबदल होता, त्याने तिला वाचवलं असं मानतात.

औषधांबद्दल लोक विचारतात म्हणून थोडंसं. अमायलॉइड धुऊन काढणारी प्रतिपिंडं आता आली आहेत. त्यांतल्याच लेकानेमॅबच्या मोठ्या चाचणीत अठरा महिन्यांत घसरण सत्तावीस टक्के मंदावली. मंदावली, थांबली नाही. काही जणांच्या मेंदूत सूज येते, बारीक रक्तस्राव होतो. लेव्हेटिरासिटॅमची २०२१मध्ये जी चाचणी छापून आली तिच्यात एकंदरीत रोग्यांना फरक पडला नाही, पण ज्यांच्या आलेखात ठिणग्या होत्या त्यांचं काही कामांत सुधारलं. मला ही दुसरी बातमी पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते, कदाचित चुकत असेन. तिच्यात निदान हे मान्य केलेलं आहे की एका नावाखाली वेगवेगळे मेंदू आहेत, आणि कोण कुठल्या टप्प्यावर आहे हे आधी ऐकावं लागेल.

अण्णांचा दुसरा टप्पा आमच्याकडे हळूच आला. कपाटं तपासणं थांबलं. कडीचा वाद थांबला. घरात सगळ्यांना हायसं वाटलं, हे मी लपवत नाही. आई म्हणाली, “औषध लागू पडलं वाटतं.” एका दुपारी मी त्यांच्यासमोर प्रूफाचं पान ठेवलं, हातात लाल पेन दिलं. त्यात मी मुद्दाम तीन ढोबळ चुका सोडल्या होत्या. त्यांनी पान नीट सरळ केलं, कडा टेबलाच्या कडेला समांतर लावल्या, सवयीने चष्मा पुसला. नजर पहिल्या ओळीवरून शेवटच्या ओळीपर्यंत गेली. पेन कागदाच्या वर बोटभर अंतरावर चालत होतं, कुठेच टेकलं नाही. मग त्यांनी पान मला परत दिलं, “झालं.” समास कोरा.

त्यानंतर चार वर्षं ते होते.

परवा हे लिहायला घेतलं म्हणून ते जुनं चौदा खुणांचं पान पुन्हा समोर घेतलं. त्या वेळी काय घडलं होतं ते आठवतं. पान त्यांच्याकडून माझ्याकडे आलं, वरच ‘आणी’ दिसलं, मी मनातल्या मनात हसले, आणि त्यांच्या सगळ्या खुणा बाजूला ठेवून आधीचाच मजकूर छपाईला पाठवून दिला. माझ्यानंतर संपादकांनीही तो वाचला होता. या वेळी एकेक खूण क्रमाने तपासली, शब्दकोश शेजारी उघडा ठेवून. पहिली चुकीची, दुसरी चुकीची, स्वल्पविरामाचा बाण कुठेच न जाणारा. नववी खूण पानाच्या मध्याच्या थोडी खाली आहे. छापलंय ‘शिर्षक’. अण्णांनी ‘शि’ला दीर्घ करून समासात ‘शी’ लिहिलं आहे.

तो अंक माझ्याकडे आहे. उठून काढला. पान एकोणीस, ‘शिर्षक’.